जुन्या मोटारीची शांतता कशाची होती?

जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याचे इंजिन, डेंटिंग, रंग आणि क्रोम असे मोठे खर्च आटोपले की शेवटी एक प्रश्न उरतो. आतली घरघर कमी कशी करायची आणि तिच्यापायी किती पैसे घालायचे? बाजाराकडे उत्तर तयार असते. वरून ॲल्युमिनियमची पन्नी लावलेली ब्युटाइल रबराची परदेशी शीट घ्यावी आणि फरशी, दारे, टप, डिकी असे सगळे आतून मढवून टाकावे. या उत्तरामागे एक समज आहे की शांतता ही महागड्या मालातून मिळते आणि स्वस्त माल वापरणे म्हणजे जुन्या गाडीशी केलेली तडजोड. मोटारीचा इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. मोटारीतली शांतता जवळजवळ पहिल्यापासून उरल्यासुरल्या मालाची बनत आली आहे. तागाचा चोथा, गिरणीच्या चिंध्या, तेलशुद्धीनंतर तळाशी राहिलेले डांबर, जुन्या टायरांतून परत मिळवलेले रबर, हाच तो माल. कारागिरांचे कसब होते ते कोणता थर कुठे आणि कशावर टाकायचा यात. म्हणून आज काटकसरीने निवडलेला माल गाडीच्या मूळ परंपरेतच बसतो. त्या परंपरेत एक दोष मात्र होता. आपल्या पावसाळी किनाऱ्यावर तो फार महागात पडला आणि आजची निवड करताना त्याच दोषाचा विचार सर्वांत आधी करायला हवा.

सुरुवातीच्या मोटारींना हा प्रश्नच नव्हता. त्या उघड्या होत्या. वारा, धूळ आणि यंत्राचा आवाज यांतून बसणाऱ्याची सुटका नव्हती आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. अमेरिकेत १९१९ मध्ये दहा गाड्यांतली जेमतेम एक बंद असे. १९२७ पर्यंत पाचांतल्या चारांहून अधिक बंद झाल्या. हडसन कंपनीच्या एसेक्सने बंद गाडीची किंमत उघड्या गाडीच्या जवळ आणली आणि १९२५ पर्यंत ती तिच्याहूनही खाली नेली. गाडी बंद झाली आणि आवाज आत कोंडला गेला. त्यावरचा पहिला गंभीर इलाज लाकडाच्या कारागिरीतून आला. १९११ ची गॉर्डन बेनेट विमानशर्यत जिंकणारा वैमानिक चार्ल्स वाइमन याने विमानाच्या बांधणीतली एक कल्पना मोटारीत आणली. ॲश लाकडाच्या सांगाड्यातले तुकडे एकमेकांना चिकटवायचेच नाहीत. मध्ये बारीक फट ठेवून ते पोलादी पट्ट्यांनी जोडायचे आणि वरून रेक्झिनसारखे कापड ताणून बसवायचे. लाकूड लाकडाला घासत नाही म्हणून करकर नाही, आणि कापड घुमत नाही म्हणून घरघर नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या उत्तमोत्तम गाड्यांवर असे साज (बॉडी) चढले. पुढे चकचकीत रंगाची आणि गोलाईची आवड आली, तशी १९३० नंतर ही पद्धत मागे पडली. तिने शिकवलेली गोष्ट मात्र आजही खरी आहे. आवाज उमटल्यावर त्याला झाकत बसण्यापेक्षा तो जिथून उमटतो तिथलाच संपर्क तोडणे स्वस्त पडते.

वाइमनची पद्धत मागे टाकली ती पोलादी पत्र्याने. एडवर्ड बड याने १९१४ मध्ये डॉजसाठी सबंध पोलादी साज बनवले. १९२० च्या दशकात रुंद पत्रा सलग लाटणाऱ्या गिरण्या अमेरिकेत उभ्या राहिल्या. १९३५ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांवर तर सबंध टपच एका पोलादी पत्र्याचा आला. त्याआधी टपाचा मधला भाग कापडाचा असे, कारण एवढा रुंद पत्राच मिळत नव्हता. पत्र्याने गाडी मजबूत आणि स्वस्त केली, पण त्याबरोबर एक नवा आवाज आला. मोठा, सपाट, आधार नसलेला पत्रा एका ठरावीक वेगाला स्वतःच थरथरतो आणि आत बसलेल्याच्या कानांवर दाब आल्यासारखे भणभणते. जेवणाची स्टीलची थाळी टिचकी मारून वाजवावी आणि लगेच तिच्या मध्यावर बोट टेकवावे, नाद तिथेच विझतो. बोटाला फारसे वजन नसते, ते आवाज अडवतही नाही. थरथर शोषून घेते, एवढेच. पत्र्यावर डांबराचा थर देण्यामागे हेच तत्त्व होते. १९५२ मध्ये हेर्मान ओबर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले. पत्र्यावर नुसता चिकटवलेला थर किती थरथर शोषील हे त्याच्या जाडीच्या जवळपास वर्गाने वाढते. १९५९ मध्ये अमेरिकेत कर्विन या संशोधकाने दाखवले की मऊ थरावर पातळ पण ताठ पन्नी बसवली तर तो थर दोन्हींमध्ये रगडला जातो आणि कमी जाडीत जास्त काम करतो. आजच्या पन्नीवाल्या शीटचे सगळे कौतुक या एका शोधावर उभे आहे. शोध अस्सल आहे, पण तो १९६० च्या दशकाच्या उंबरठ्यावरचा आहे, काल-परवाचा नव्हे.

डांबर आले कुठून आणि त्याच्यावर काय पसरले गेले, हे पाहिले की या कहाणीचे अर्थकारण उलगडते. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल काढून घेतल्यावर जे काळे, जड उरते ते डांबर. ते रस्त्यावर जाते, गच्चीवर जाते आणि चुनखडी, अभ्रक किंवा शंखजिऱ्याची पूड मिसळून त्याची शीट केली की मोटारीच्या फरशीवर जाते. कारखान्यात ही शीट रंग चढवण्याच्या टप्प्यावर नुसती फरशीवर अंथरली जाते. रंग भाजण्याच्या भट्टीतून साज गेला की ती वितळून पत्र्याच्या प्रत्येक खाचेत बसते. तिच्यासाठी वेगळी मजुरी नाही, वेगळी भट्टी नाही. डांबरावर येत असे नमदा. इंग्लंडातल्या बॅटलीत बेंजामिन लॉने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली; तिथून जुन्या कपड्यांचा जो उद्योग फुलला त्याचे आपल्याकडचे मोठे केंद्र म्हणजे पानिपत. चिंध्या पिंजून, दाबून केलेला असा नमदा आजही नव्या कोऱ्या गाड्यांच्या गालिच्याखाली असतो. भारतात त्याच्या जोडीला ताग होता. हुगळीकाठी रिशड्याला १८५५ मध्ये पहिली ताग गिरणी उभी राहिली, आणि गिरणीत सुताला न लागणारा आखूड धागा दाबून नमदा करायला योग्यच होता. नमद्यावर जड रबरी चटई. या तिघांची कामे वेगळी होती. डांबर पत्र्याची थरथर मारी, नमदा चटईला पत्र्यापासून अलग ठेवी आणि चटई आपल्या वजनाने खालचा आवाज अडवी. तिन्ही थर एका वेळी आणि याच क्रमाने असले तरच फरशी शांत होई. यातला एकही थर महाग नव्हता, आणि आजही नाही.

मुंबईच्या मोटारीला या तीन थरांची गरज कशी लागली हे समजून घ्यायला कुर्ल्याला जावे लागते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी तिथे क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. योगायोग असा की ट्रॉम्बेच्या दोन तेलशुद्धी कारखान्यांची सुरुवातही १९५४ आणि १९५५ मधली. मोटार आणि तिच्या तळाला लागणारा काळा माल मुंबईच्या एकाच अंगाला, एकाच सुमारास आले. ही ११०० म्हणजे दान्ते जाकोझाच्या हाताखाली घडलेली आणि १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडलेली गाडी. तिच्या आधीच्या ११०० ला वेगळी चासी होती, हिला नाही. फरशी, खांब, टप मिळून एकच पोलादी पेटी. वेगळ्या चासीवर साज रबराच्या गुटक्यांवर बसतो आणि यंत्राची बरीच थरथर वाटेतच मरते. एकसंध पेटीत इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट यांची थरथर थेट तुमच्या पायाखालच्या पत्र्यात उतरते. गाडी हलकी आणि काटक झाली, किंमत आवाक्यात आली, आणि त्या बदल्यात फरशीवरच्या थरांचे महत्त्व वाढले. पुढे हीच गाडी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून धावली. परवाना राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणाऱ्या ग्राहकाला शांत केबिन देण्याचा दबाव कारखान्यावर नव्हता. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाभोवतीचा पत्रा १९५३ च्या हिशेबाने झाकला गेला तो तसाच राहिला, आणि १९९० च्या दशकात त्याच पेटीत डिझेल इंजिन आले तेव्हा आवाज वाढला. टॅक्सीवाल्यांनी जाडजूड चटया घातल्या, कुशनवाल्यांनी दारांना आतून फोम आणि रेक्झिन लावले. मुंबईच्या रस्त्यावर ध्वनिशमनाची खरी कारागिरी या माणसांनी केली, आणि ती स्वस्त मालातच केली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुने लोक डांबर वापरत कारण त्यांना ब्युटाइल मिळत नव्हते; आज मिळते, तर मागे का जायचे? आक्षेपात तथ्य आहे. डांबर उन्हात मऊ आणि थंडीत कडक होते, त्यामुळे त्याचे शमन ऋतूप्रमाणे बदलते. ब्युटाइल जास्त स्थिर राहते. पण चांगला माल किती लावायचा, हा प्रश्न वेगळा आहे. थरथर पत्र्याच्या मध्यभागी सर्वांत मोठी असते आणि कडांना, वाकांना, पन्हळींना जवळजवळ नसते. म्हणून मोठ्या सपाट भागाचा पाव ते अर्धा हिस्सा झाकला की शमनाचा बहुतेक लाभ मिळून जातो. उरलेल्या भागावरची शीट केवळ वजन होते, आणि वजनाने आवाज अडवण्याचा हिशेब फार कंजूष आहे. अडसराचे वजन दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पुढचे ६ हवे तर पुन्हा दुप्पट. ०.८ मिलिमीटर पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास असते. म्हणजे पहिल्या ६ डेसिबलसाठीच तेवढे जादा वजन लागेल, आणि दोन मिलिमीटरची शीट देते साधारण तीन-चार किलो. सबंध गाडी मढवायला दहा चौरस मीटर धरले तर ९०० किलोंच्या, जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या गाडीवर तीस-चाळीस किलो चढले, आणि अडवलेला आवाज सहाच्या खालीच राहिला. उलट बाजूने पाहा. एखाद्या भिंतीत एक टक्का जागा उघडी असेल तर ती भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या वर ती आवाज अडवूच शकत नाही. चाळीस वर्षांच्या गाडीत दारांची रबरे कडक होऊन चपटी झालेली असतात, बोनेटमागच्या पत्र्यातून स्टिअरिंग, क्लच आणि वायरी जिथून येतात तिथल्या भोकांचे बूच गळून गेलेले असतात, कॉलमवरच्या गिअरच्या दांड्याही जिथून बाहेर पडतात तिथे फट असते. ही भोके बुजवायला लागणारे रबर शीटच्या तुलनेत अगदी क्षुल्लक पैशात मिळते. ब्युटाइलला विरोध नाही. मोजकी चार-सहा शीट घ्यावी, भारतातही ती बनते, आणि पत्र्यांच्या मध्यावर लावावी. विरोध आहे तो भोके उघडी ठेवून सोने मढवण्याला.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा. स्वस्तच हवे तर गच्चीला गळती थांबवायला जे चिकट डांबरी पट्टे मिळतात ते का नकोत? तेही डांबर, त्यांच्यावरही पन्नी. अनेक जण असे करतात, आणि काटकसरीच्या बाजूने बोलणाऱ्याने याला स्पष्ट नकार द्यायला हवा. गच्चीचा पट्टा पाणी रोखण्यासाठी बनवलेला असतो. तो भेगेवर ताणला जावा म्हणून मऊ ठेवलेला असतो आणि मोटारीच्या शीटमध्ये असते तेवढी खनिज पुडीची भर त्यात सहसा नसते. शिवाय कारखान्यातली शीट भट्टीत वितळून पत्र्याशी एकजीव झालेली असते. पट्टा नुसता चिकटलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या दाराचा पत्रा हात लावू देत नाही. अशा उन्हात उभ्या पत्र्यावरचा पट्टा सरकतो, डांबर ओघळून दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची भोके बुजवते आणि केबिनमध्ये डांबराचा वास महिनोन्‌महिने राहतो. मोटारीसाठीच बनवलेली डांबरी शीट फार महाग नसते. ती फरशीवर आडवी अंथरून हीट गनने मऊ करून दाबली तर कारखान्याच्या भट्टीचेच काम छोट्या प्रमाणात होते. दारांत आणि टपाला मात्र ब्युटाइलच लावावे. पैसे वाचवायचे ते प्रमाणात. ज्या मालाचा धर्मच वेगळा आहे तो वापरून नव्हे.

आता त्या जुन्या दोषाकडे. नमदा पाणी धरतो. कोरड्या हवेत हा दोष बोचत नाही, पण मुंबई, कोकण आणि गोव्यात चार महिने हवाच ओली असते, ओले बूट आत येतात, पुढच्या काचेचे रबर सुकले की डॅशबोर्डमागून धार लागते. वरची रबरी चटई हे पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि खालचा ताग ते महिनोन्‌महिने पत्र्याला लावून ठेवतो. खारी हवा उरलेले काम करते. पद्मिनीच्या फरशा आतून बाहेर गंजल्या, त्यांत या ओल्या थराचा मोठा वाटा आहे. शांततेसाठी घातलेला थर गाडीच खाऊन टाकतो, हे या कारागिरीचे खरे अपयश. डांबर स्वतः पाणी धरत नाही, पण त्याला तडा गेला की तेही खाली ओल लपवते. म्हणून नमद्याच्या जागी आज बंद छिद्रांचा फोम घालावा, जो पाणी पीतच नाही. एसीच्या डक्टभोवती गुंडाळायला मिळणारे काळे नायट्राइल रबर किंवा पॉलिइथिलीनचा फोम, दोन्ही बाजारात मीटरवर मिळतात आणि ब्रँडेड मालाच्या मानाने फार स्वस्त असतात. कोणी म्हणेल की नमदा आवाज शोषतो, बंद छिद्रांचा फोम शोषत नाही. पण सेंटिमीटरभर नमद्याने शोषलेला आवाज म्हणजे केवळ वरच्या पट्टीची सळसळ. १००० हर्ट्‌झच्या आवाजाची लांबी हवेत ३४ सेंटिमीटर असते आणि तो नीट शोषायला तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर जाडी लागते. जुन्या इंजिनाची घरघर तर त्याच्याही खूप खालची. फरशीवर नमद्याचे खरे काम जड चटईला उचलून धरण्याचे होते, आणि ते काम फोम करतो. टपाच्या अस्तरामागे, जिथे पाणी येत नाही, तिथे कापसाचा नमदा अजूनही उत्तम.

अस्सलपणा जपणारे म्हणतील की मूळ थर काढून फोम घालणे म्हणजे इतिहास पुसणे. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो पैशाचा नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची ट्युरिन सनद सांगते की हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि शक्यतो मागे घेता यावा. त्या कसोटीवर सैल अंथरलेला फोम आणि चटई सहज उतरतात. एका दुपारी उचलून ठेवता येतात. सबंध गाडी ब्युटाइलने मढवणे उतरत नाही, कारण ती शीट खरवडताना रंग निघतो आणि खालची वेल्डिंगची खूण, कारखान्याचा रंग, सगळे झाकले जाते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी दिली आणि त्यासाठी चासी, साज व इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत अशी अट घातली. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. फरशी गंजून कापावी लागली तर मूळ साजच कापला जातो, त्यापेक्षा ओला नमदा आज काढणे हीच अस्सलपणाची सेवा. कोरडा आणि धड असलेला मूळ डांबराचा थर मात्र मुळीच काढू नये. तो काम करतो, आणि तो कुर्ल्याच्या भट्टीतून आला असेल तर दुसरा मिळणार नाही.

थर उचलण्याची वेळ आलीच तर घाईने तो कचऱ्यात टाकू नका. जुन्या गाड्यांत बोनेटमागच्या गादीत आणि काही डांबरी लेपांत ॲस्बेस्टॉसचा धागा असू शकतो. कोरडे खरवडू नका, पाणी शिंपडून ओले करा, चांगला मास्क लावा आणि संशय वाटला तर जाणकाराकडून तपासून घ्या. मग कोणत्या जागी, कोणत्या क्रमाने काय होते त्याची छायाचित्रे काढा, आणि फरशीवरच्या थरांचा हातभर तुकडा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, वर गाडीचे वर्ष आणि चासी क्रमांक लिहून ठेवा. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तिच्या इंजिनाची आणि मीटरची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत, फरशीवरच्या थरांची नोंद मात्र ती फरशी उघडणाऱ्यालाच करता येईल.